सतरा नंबरचा दगड

१

सोमवारी सकाळी अकरा वाजता, पाटोद्याहून आलेल्या साहेबांच्या आणि अर्ध्या गावाच्या डोळ्यांसमोर, उंबरखडकचं तळं चोरीला गेल्याचं उघड झालं.

तळं आपल्या जागेवरच होतं. गावापासून पाऊण कोसावर, गायरानात. मे महिना असल्यामुळे पाणी गुडघाभरच उरलं होतं, पण होतं. आणि त्याच वेळी बंकट धनगराच्या तीनशे मेंढ्या त्यात तोंड घालून उभ्या होत्या. नाहीसं झालं होतं ते कॉम्प्युटरच्या नकाशातलं तळं. शुक्रवारी ग्रामसभेत भिंतीवरच्या पडद्यावर सगळ्यांनी ते पाहिलं होतं. हिरव्या गायरानात निळा डाग, आणि त्याच्या भोवती पाळीच्या दगडांचे ठिपके. सोमवारी तोच नकाशा त्याच पडद्यावर उघडला, तर गायरान या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवं आणि सपाट.

"तळं कुठे आहे?" साहेबांनी विचारलं.

"माळावर हाय की साहेब. चला, दावतो," एक जण म्हणाला.

"मी नकाशातलं विचारतोय."

गायरानावर सोलर कंपनीचं कुंपण पडायचं होतं. जनावरांच्या पाण्याची जागा असेल तेवढा भाग कुंपणाबाहेर सोडायचा, असं ठरलं होतं. जागाच नाही, तर सोडायचं काय? साहेबांनी 'पाणवठा आढळला नाही' असं लिहिलं, चहा घेतला आणि गाडीत बसले. पाऊण कोस चालून बघायला त्यांना वेळ नव्हता. देवानं त्यांना पाय दिले होते ते गाडीत ठेवायला.

नकाशा सांभाळायचं काम पंचायतीची ऑपरेटर शिवकन्या हिचं. खोलीची किल्ली तिच्याकडे, पासवर्डही तिच्या एकटीकडे. आणि ती बंकटचीच थोरली सून. ज्या तळ्यावर घरच्या मेंढ्या जगतात ते तळं घरच्याच सुनेनं पुसलं, हे गावाला इतकं गोड वाटलं की खरं-खोटं करण्यात कोणी वेळ घालवला नाही. पहिला आवाज तिचा दीर रामेश्वर यानंच काढला.

"वैनी, कंपनीनं काय दिलं तुला? सांग की गावाला!"

मग बंकट उठला. साठीचा माणूस, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. "उद्या अकराला भावकी बसंल," तो सुनेला म्हणाला. "तवर काय बोलायचं त्ये बोल. न्हाईतर तलवाड्याला बापाच्या घरी जायचं, कायमचं. मुक्या जितराबाचं पानी तोडनारी सून मला नको."

शिवकन्याचा नवरा सोमनाथ दुसरा कळप घेऊन गोदाकाठाला गेलेला. तिनं त्याला फोन लावला. तो म्हणाला, "आबा म्हनतील तसं," आणि फोन ठेवला.

शिवकन्याकडे आता एक दिवस होता.

२

राधाकिशन चौतीस वर्षं सरकारी भूकरमापक होता. अर्ध्या तालुक्याचे बांध त्यानं साखळीनं मोजले होते, आणि ते करता करता अर्ध्या तालुक्याबद्दल त्याचं मत वाईट झालं होतं. गाव त्याला मोजणीकाका म्हणायचं. त्याची बायको केसरबाई जाऊन आठ महिने झाले होते. ती होती तोवर घरी माणसं यायची, कारण ती चहा करायची आणि ऐकून घ्यायची. आता कोणी येत नव्हतं. तेच बरं, असं तो म्हणायचा. म्हणायचा कोणाला, हा प्रश्न होता.

केसरबाईचं त्याच्याबद्दल एक म्हणणं होतं: "तुमाला मानूस आवडला न्हाई की झाला त्याचा गुन्हा शाबीत."

दुपारी शिवकन्या दारात येऊन उभी राहिली.

"काका, मी न्हाई पुसलं."

"सगळे असंच म्हणतात. चौतीस वर्षं बांध कोरणारे पाहिले. एकानं तरी म्हणावं की हो, मी कोरला."

"मंग जाऊ का?"

"बस."

ती रडली नाही. एवढ्यावर राधाकिशननं तिला पुढचे प्रश्न विचारले. शुक्रवारी संध्याकाळी तिनं मशीन बंद केलं, खोलीला कुलूप लावलं. शनिवारी सकाळीच ती तलवाड्याला गेली, भाचीचं बारसं होतं. सोमवारी सकाळच्या गाडीनं थेट ऑफिसात आली, आणि तासाभरात साहेब आले.

"म्हणजे सोमवारी सकाळी तासभर तू एकटी होतीस. गाव तेच म्हणणार."

"म्हनतंच हाय. पन नकाशाच्या फाइलीवर तारीख दोन महिन्यामागची हाय, काका. दोन महिने तिला कुनी हातच लावला न्हाई. त्ये दावलं, तर साहेब म्हनले, तारीख फिरवता येती."

"साहेबाला स्वतःची गाडी फिरवता येत नाही, ड्रायव्हर लागतो. चल, दाखव."

पंचायतीची खोली पहिल्या मजल्यावर होती. राधाकिशनला कॉम्प्युटरच्या नकाशाची किळस होती. त्याच्या मते ज्या नकाशावर माणसाचा घाम पडला नाही तो नकाशाच नव्हे. तरी तो खुर्ची ओढून बसला. शिवकन्यानं नकाशा उघडला.

"हे तळं परत काढ बघू. साधं गोल काढ."

"न्हाई काढता येत. पेन्सिल जागी होत न्हाई."

पडद्याच्या वरच्या कडेला पेन्सिलीचं एक चित्र होतं, राखाडी, मेल्यासारखं. शिवकन्यानं गावातल्या रस्त्यांचा थर निवडला. पेन्सिल पिवळी झाली. गायरानाचा थर निवडला. पेन्सिल पुन्हा राखाडी.

"रस्त्याला चालते, गायरानाला कावून नाही?"

"पैल्यापास्नं अशीच हाय. गायरानाचं निस्तं बघायचं. कंपनीच्या सत्यम सरांनी तसंच जोडून दिलंय."

राधाकिशननं चष्मा काढून पुसला. "म्हणजे हा नकाशा उघडता येतो फक्त तुला. आणि उघडून तळं पुसता येत नाही, तेही तुलाच."

"हो."

"हे सकाळी सांगितलं का नाहीस?"

"सांगत हुते. 'पेन्सिल' म्हनले आन् समदे हसले."

राधाकिशन हसला नाही. "'जोडून दिलंय' म्हणजे काय?" त्यानं विचारलं. "नकाशा नकाशाला जोडतात कशानं? डिंकानं?"

३

"बाहेरची फाइल घ्यायला दोन बटनं हायत," शिवकन्या म्हणाली. "एक, आत आणा. मंग मशीन त्या फाइलीची नक्कल करून आपल्यापाशी ठिवतं. दुसरं, जोडा. मंग नक्कल करत न्हाई. फाइल जिथं हाय तिथंच ऱ्हाती, आपल्यापाशी निस्ता तिचा पत्ता. नकाशा उघडला की मशीन त्या पत्त्यावर जातं आन् तिथं जे आसंल त्ये दावतं."

"आणि तिथं कोणी काही बदललं तर?"

"तर हितं बी बदललेलंच दिसंल." तिचा आवाज बोलता बोलता बारीक झाला. हे तिला माहीत होतं, पण आरोप झाल्यापासून तिला कोणी धड विचार करू दिला नव्हता.

राधाकिशनला आता बरोबर कळलं. साहेबांनी, गावानं, सगळ्यांनी घराला कुलूप आहे का हे पाहिलं होतं. ज्याला ते घर समजत होते ती नुसती खिडकी होती. तळं खिडकीत नव्हतंच कधी. ते पलीकडच्या अंगणात होतं, आणि अंगणात कोण आलं हे कोणी विचारलं नव्हतं.

"पत्ता काढ."

शिवकन्यानं गायरानाच्या थराची माहिती उघडली. पत्त्याच्या सुरुवातीलाच ज्या मशीनवर फाइल होती तिचं नाव होतं: विजय कृषी.

"ह्ये तर खालचं दुकान," ती म्हणाली.

पंचायतीच्या खाली तीन गाळे होते. मधल्या गाळ्यात सरपंच विजयसिंहांचं खताचं दुकान. इंटरनेटची एकच वायर दुकानातून वर पंचायतीत आलेली. सत्यम गावात आला की विजयसिंहांच्या दुकानात पंख्याखाली बसून काम करायचा आणि फाइली तिथल्या मशीनवर ठेवायचा. विजयसिंहांची साठ एकर जमीन गायरानाला लागून होती. सगळं गायरान कुंपणात गेलं, तर कंपनी पुढची जमीन म्हणून त्यांचीच घेणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

शिवकन्यानं फाइलीवरची तारीख काढली. रविवार, दुपारी एक वाजून बारा मिनिटं.

राधाकिशनला बरं वाटलं. आठ महिन्यांत पहिल्यांदाच त्याला इतकं बरं वाटत होतं. विजयसिंह त्याला कधीच आवडले नव्हते.

४

विजयसिंह दुकानात युरियाच्या पोत्याला टेकून बसले होते. पांढरे कपडे, बोटात तीन अंगठ्या. गावात पाणी येत नव्हतं, पण सरपंचांच्या कपड्यांना इस्त्री रोज होत होती.

"या काका! लई दिसांनी. बसा."

"रविवारी दुपारी एकला कुठं होता?"

"ह्या पोत्यावरच. जेवून आडवा झालतो, तासभर डोळा लागला. कावून?"

"या मशीनवर कोण बसतं?"

"आमी तिघं. सत्यम सर बसतो. बिलं रामेश्वर काढतो, त्यो दुकानात कामालाच हाय. मला त्यातलं ओ का ठो कळत न्हाई." हे सिद्ध करायला त्यांनी माउस उचलला आणि फोनसारखा पडद्यासमोर धरला. "बगा. बाण हालतच न्हाई."

"पासवर्ड?"

विजयसिंहांनी पडद्याच्या कडेला चिकटवलेल्या कागदाकडे बोट दाखवलं. पासवर्ड तिथंच लिहिलेला होता.

"गावाचा नकाशा असा उघड्यावर ठेवता?"

"काका, गावाचं समदंच उघड्यावर हाय. नकाशानं काय पाप केलंय?"

सत्यम मागच्या बाकावर लॅपटॉप घेऊन बसला होता. पंचविशीचा, पुण्यात शिकलेला. गावाकडे तो असं बघायचा की जणू गावाला त्याची सवय व्हायला वेळ लागेल.

"नकाशा आत आणू नका, जोडा, असं तुम्हीच सांगितलं?" राधाकिशननं विचारलं.

"अर्थात. कॉपी केली की दहा कॉप्या होतात, मग खरी कोणती यावर भांडणं. जोडलं की एकच खरी."

"आणि ती एकच खरी उघड्या मशीनवर."

"माझं काम मोजणी. राखण नाही."

"मोजणी कशी केलीत?"

"मशीननं. एका दिवसात दोनशे अकरा बिंदू. तुमच्या साखळीनं महिना लागला असता." तो हसला. "तळ्याच्या पाळीवर तर नुसते दगड. अडतीस दगड! खांब धरणारा प्रत्येक दगडावर खांब टेकवणार आणि मी नंबर मोठ्यानं म्हणत लिहिणार. एका ठिकाणी तो चपला काढून उभा राहिला. त्या उन्हात! पाय भाजत होते, नाचत होता, पण चपला घालेना. तुमची माणसं पण ना..."

"रविवारी दुपारी कुठं होता?"

"पाटोद्यात. खोलीवर, झोपलो होतो."

रविवारी दुपारी दोघेही झोपलेले. राधाकिशनला वाटलं, या तालुक्यात गुन्हे होतात तेव्हा सगळे झोपलेलेच असतात. पण त्याचा निकाल झाला होता. मशीन विजयसिंहांचं, दुकान विजयसिंहांचं, फायदा विजयसिंहांचा.

तो वर गेला आणि शिवकन्याला म्हणाला, "सापडला. उद्या भावकीसमोर सरपंचाचं नाव घे."

शिवकन्या पडद्यासमोर बसली होती. तिनं मान हलवली. "पटत न्हाई, काका. सरपंचाला बाण बी हालवता येत न्हाई."

"दुसऱ्याकडून करवून घेतलं असेल."

"मंग ह्ये बगा."

तिनं फोनवर शुक्रवारच्या पडद्याचा फोटो काढून ठेवला होता. तो तिनं आजच्या नकाशाशेजारी धरला. फोटोत तळ्याभोवती अडतीस ठिपके होते, प्रत्येकाला नंबर. आजच्या नकाशात एकही नव्हता. म्हणजे राधाकिशनला तसं वाटलं. शिवकन्यानं नकाशा बाजूला सरकवला, कुंपणाच्या रेषेच्या पलीकडे. तिथं, मोकळ्या उतारावर, एकच ठिपका होता.

सतरा.

"सदतीस दगड पुसले," ती म्हणाली. "ह्यो एकच पुसला न्हाई. उचलून बाहेर नेऊन ठिवला."

५

उन्हं उतरल्यावर राधाकिशन एकटाच गायरानात गेला. जाताना फोटो डोक्यात घेऊन गेला. त्याला तेवढं पुरत होतं. आधी तो मोकळ्या उतारावर गेला, जिथं नकाशात सतरा नंबरचा ठिपका आता बसला होता. तिथं मुरूम होता आणि एक तरवडाचं झुडूप. दगड नव्हता. नव्हता म्हणजे कधीच नव्हता. उकरल्याची खूण नाही, ओरखडा नाही.

मग तो तळ्याच्या पाळीवर आला. सांडव्यापासून पावलं मोजत निघाला. चौतीस वर्षांत त्याचं पाऊल अडीच फुटांचं झालं होतं, आणि बायको गेल्यावरही ते तेवढंच पडत होतं. एकशे बारा पावलांवर तो थांबला.

"चपला काडा, काका."

बंकट पाळीखाली बसला होता. मेंढ्या पाणी पिऊन वाड्याकडे निघाल्या होत्या.

राधाकिशननं खाली बघितलं. समोर गुडघ्याएवढा दगड होता, भंडाऱ्यानं पिवळा झालेला. त्यानं चपला काढल्या. देवावर त्याचा राग होता, पण बंकटच्या देवाशी त्याचं काही भांडण नव्हतं.

"बिरोबा?"

"आमचा. सात पिढ्याचा."

"सत्यमच्या यादीत याला दगड लिहिलंय. नंबर सतरा."

"त्याला काय ठावं."

"बंकट, समजा हे ठाणं इथून हलवायचं झालं तर?"

"कौल लावावा लागतो. देवानं हो म्हनलं तरच." बंकट उठून उभा राहिला. "आन् हालवायचा न्हाई म्हनून कुनी पुसून टाकला, न्हाईतर कुंपनात कोंडला, तर त्याचा वंश ऱ्हात न्हाई. ह्ये आमच्यातल्या लेकराला बी ठावं हाय. कावून इचारता?"

"उगाच."

राधाकिशन पाळीवरून खाली उतरला. चोरानं सगळं घर धुऊन नेलं होतं, पण देव्हारा मात्र उचलून शेजाऱ्याच्या ओट्यावर ठेवला होता. मशीनच्या यादीत अडतीस वेळा 'दगड' एवढंच लिहिलेलं. त्यातला देव कोणता हे सत्यमला माहीत नव्हतं. विजयसिंहांना माळावरचा बिरोबा माहीत होता, पण पडद्यावरचा सतरावा ठिपका म्हणजे तोच, हे त्यांना कळायला सात जन्म पुरले नसते. ते कळणारा एकच माणूस असू शकत होता: ज्यानं त्या दगडावर खांब धरला तेव्हा चपला काढल्या, आणि सत्यमनं 'सतरा' म्हटलेलं आपल्या कानांनी ऐकलं.

त्यानं सत्यमला फोन लावला आणि एकच प्रश्न विचारला.

सत्यमनं नाव सांगितलं.

राधाकिशन फोन हातात धरून उभा राहिला. त्याला विजयसिंह हवे होते. बायकोचं म्हणणं त्याला आठवलं आणि तो तिच्यावरच चिडला, कारण आता तिला 'तूच बरोबर होतीस' असं सांगायचीही सोय नव्हती.

६

मंगळवारी अकराला भावकी पंचायतीच्या ओट्यावर जमली. कोणी तंबाखू मळत होतं, कोणी फोन बघत होतं. एका बाईला घराबाहेर काढायचं होतं, पण घाई कोणालाच नव्हती.

"बोल, सूनबाई," बंकट म्हणाला.

"काका बोलतील," शिवकन्या म्हणाली.

"सगळे खाली दुकानात चला," राधाकिशन म्हणाला. "भाषण देत नाही. पाच मिनिटांचं काम आहे."

पोती सरकवून माणसं मशीनभोवती उभी राहिली. सत्यमनं आपल्या मोजणीच्या मशीनमधले मूळ बिंदू सकाळीच परत भरले होते. पडद्यावर तळं होतं, निळं, आणि भोवती अडतीस ठिपके.

"तळं आलं की परत!" कोणीतरी म्हणालं.

"तळं येणारच होतं. प्रश्न ते गेलं कसं हा आहे. तळ्याची फाइल वर पंचायतीत नाहीच, इथं आहे. वरून फक्त बघता येतं. रविवारी दुपारी एक वाजून बारा मिनिटांनी ती इथं बसून बदलली. त्या वेळी शिवकन्या तलवाड्यात बारशाला होती, पन्नास बायकांत. पाळणा म्हणत होती."

आपण चुकलो असं कोणाच्या तोंडावर दिसत नव्हतं. आपल्याला हे आधीच माहीत होतं, असं सगळ्यांच्या तोंडावर दिसत होतं.

"आता एक काम. या अडतीस दगडांत सतरा नंबरचा चुकून आलाय. तो पुसायचा आहे. या मशीनवर बसणाऱ्या तिघांनीही एकेकदा पुसून दाखवायचा."

"एवढंच?" सत्यम पुढे झाला. ठिपका निवडला, बटण दाबलं. ठिपका गेला. मग त्यानं तो परत आणला.

विजयसिंहांना बटण दाखवावं लागलं. त्यांनी डास मारावा तसं एका बोटानं ते चिरडलं. ठिपका गेला. "गेला का?" ते म्हणाले. "आयला, सोपं हाय की."

सत्यमनं ठिपका परत आणला.

"रामेश्वर," राधाकिशन म्हणाला.

रामेश्वर खुर्चीत बसला. त्याचा हात माउसवर गेला, बाण सतरा नंबरपाशी गेला आणि थांबला. टेबलाखाली त्याच्या पायांनी आपोआप चपला बाजूला सारल्या होत्या.

"दाब ना बे," विजयसिंह म्हणाले. "बिलं तर फटाफटा काढतोस."

"ऱ्हाऊ द्या की त्यो. कशाला पुसायचा?"

"अडतीस दगड आहेत," राधाकिशन म्हणाला. "यातला हाच कावून राहू द्यायचा?"

रामेश्वरनं माउसवरचा हात काढून घेतला.

"रविवारी सदतीस दगड पुसताना तुझं बोट अडलं नाही. हा एक पुसवेना, आणि कुंपणात ठेववेना. म्हणून उचलून बाहेर मुरमावर नेऊन ठेवलास. मोजणीच्या दिवशी खांब तू धरला होतास. सतरा म्हणजे कोण, हे या मशीनवर बसणाऱ्यांत तुला एकट्यालाच माहीत."

"वैनीला बी बिरोबा ठावं हाय!" रामेश्वर उसळला.

"बिरोबा ठाऊक आहे. पण मी बिरोबाचं नाव घेतलंच नव्हतं," राधाकिशन म्हणाला. "मी सतरा म्हणालो."

बंकटला ठिपके कळत नव्हते, पण हे कळलं. तो पुढे आला.

"बिरोबाला हालवलंस? कौल न लावता?"

राधाकिशननं त्याच्याकडे बघितलं. तीनशे मेंढ्यांचं पाणी गेलं, सून घराबाहेर पडत होती, आणि या माणसाला राग आला होता तो पडद्यावरच्या राईएवढ्या ठिपक्यासाठी.

"आबा, किती पिढ्या मेंढरामागं हिंडायचं?" रामेश्वर रडकुंडीला आला होता. "कंपनी मला गाड्यांचं कंत्राट देनार हुती. कुंपन समद्या गायरानाला पडलं तरच. तळं काय, दुसरीकडं खांदलं आसतं."

"आन् मी?" शिवकन्यानं विचारलं. दुकानात आल्यापासून ती पहिल्यांदाच बोलली. "मला कुठं खांदनार हुतास?"

रामेश्वर मान खाली घालून म्हणाला, "मला वाटलं, दादा चार दिसांनी तुला घेऊन येईल."

शिवकन्या वळली आणि जिना चढून वर पंचायतीत गेली.

७

माणसं पांगली. पंचायतीच्या खोलीत चौघंच उरले. शिवकन्या मशीनसमोर, राधाकिशन खिडकीत, विजयसिंह आणि बंकट दारापाशी. पाटोद्याच्या साहेबांना खुलासा पाठवायचा होता. तळं का नाहीसं झालं, कधी झालं आणि कोणी केलं. शिवकन्या लिहीत होती.

विजयसिंह खाकरले. "पोरी, शेवटचं कलम जरा... 'अज्ञात इसम' लिही. गावाची अब्रू हाय."

"घरातली गोष्ट हाय," बंकट म्हणाला. "मी त्याला काय करायचं त्ये घरी करीन. तू चल घरी. झालं गेलं."

शिवकन्या टाइप करत राहिली. "मामा, काल माजं नाव घेतलं तवा ती घरातली गोष्ट नव्हती का?"

"चुकलं माजं."

"दुकानात समद्यांसमोर म्हनला का, चुकलं? तवा तुमी बिरोबाचं बोलत हुता."

बंकट विजयसिंहांकडे बघू लागला. विजयसिंह अंगठ्या फिरवू लागले. मग दोघांनी राधाकिशनकडे बघितलं. तो वयानं मोठा होता, समजूत घालणं त्याचं काम होतं.

"काका, तुमी सांगा तिला," विजयसिंह म्हणाले.

"मी काय सांगू? मी फक्त मोजतो. नाव बरोबर लिहिलंय का तेवढं तपासून देईन."

प्रिंटरनं कागद बाहेर टाकला. रामेश्वर बंकट, वय अठ्ठावीस, राहणार उंबरखडक. खाली साक्षीदारासाठी जागा होती. शिवकन्यानं कागद टेबलावर बंकटसमोर ठेवला, आणि शेजारी शाईचं पॅड उघडलं.

"साक्षीदार तुमी," ती म्हणाली. "तुमी आंगठा दिला तर मी घरी येते. न्हाई दिला तर दीडच्या जीपनं तलवाड्याला जाते. मला कुनी काडलं न्हाई, मी गेले, आसं होईल मंग."

"पोटच्या पोराच्या इरुद्द?"

"काल माज्या इरुद्द बोललात, त्यो बी आंगठाच हुता. त्याला शाई बी लागली न्हाई."

बंकट कागदाकडे बघत राहिला. त्याला वाचता येत नव्हतं, पण रामेश्वरचं नाव कुठं आहे ते त्यानं विचारलं. शिवकन्यानं बोट ठेवून दाखवलं. विजयसिंह 'जरा दुकान बघतो' म्हणून खाली गेले. राधाकिशन खिडकीतून हलला नाही. हा म्हातारा आता काठी उचलून निघून जाणार, याची त्याला खात्री होती. माणसांबद्दल त्याची खात्री अशीच असायची.

बंकटनं काठी भिंतीला टेकवली. अंगठा पॅडवर दाबला आणि कागदावर टेकवला. आणि घाईनं ओढून घेतला. ठसा आडवा फराटा होऊन उमटला.

शिवकन्यानं कागद उजेडात धरून बघितला. मग तो फाडला, दुसरा छापला आणि त्याच्यासमोर ठेवला.

"फिसकटला, मामा," ती म्हणाली. "परत द्या."

त्यानं परत दिला.